पाठमोरी

पाकीट लेटरबॉक्समधून पुरतं आत आलंच नाही. अर्धं घरात, अर्धं बाहेर असं ते दारात अडकून राहिलं आणि त्या फटीतून लीड्सची मार्चमधली हवा हॉलमध्ये येत राहिली, म्हणून सुमनला उठावं लागलं. जाड पुठ्ठ्याचं पाकीट. ‘आत फोटो आहेत, वाकवू नये’ असं लाल शाईत, शाळेच्या बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं. हॅरोगेटचा शिक्का. म्हणजे जीन. जहाजावरची जीन, निवृत्त शिक्षिका, जी रोज सकाळी डेकवर येऊन सगळ्यांना ‘मॉर्निंग, सेलर्स!’ म्हणायची आणि सुमनच्या नवऱ्याला, पद्माकररावांना, पहिल्या दिवसापासून पॅडी म्हणायची. इथल्या हॉस्पिटलांत तीस वर्षं ते पॅडीच होते, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं असावं. स्वतःचं एक नाव तरी ओळखीचं राहिलं होतं.

सुमननं लोण्याच्या सुरीनं पाकीट फोडलं. वरची चिठ्ठी छोटीच होती. पाठवू की नको, पाठवू की नको असं करत सहा महिने घालवले, जीननं लिहिलं होतं. तुला आत्ता बघवणार नाहीत, पण पुढे कधीतरी हवेसे वाटतील. पॅडी बऱ्याच फोटोंत आहे आणि हसतोय. सुमन उभ्याउभ्याच एकेक फोटो मागे सारत गेली. शिडं उतरवलेलं दोन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज. स्प्लिटमधला रोमन बादशहाचा राजवाडा, त्याच्या खांबाखांबांत लोकांनी थाटलेले संसार, वाळत घातलेले कपडे. दगडी पायऱ्या, दगडी घंटाघरं, दगडी सिंह. निळं, अतोनात निळं पाणी. बाविसावा फोटो त्या बेटाच्या धक्क्यावरचा होता. मध्यभागी जीनचा नवरा रॉय, गवती हॅट घालून, पोट आत ओढून उभा. त्याच्या खांद्यामागे बाक. बाकावर मांडीवर पर्स घेतलेली सुमन. आणि फोटोच्या उजव्या कडेला, जिथे दोन घरांच्या मधून बोळ आत शिरतो तिथे, दोन्ही हात मागे बांधून, पाठमोरे चाललेले ते. सुमनचं तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतं. ती बोळाकडे बघत होती. पट्टी ठेवून रेघ मारावी इतकी सरळ तिची नजर त्यांच्या पाठीवर टेकलेली होती.

हॉलमध्ये रेडिएटर टक् टक् वाजत होता. ती खाली पायरीवर बसली.

‘मी दुकानापाशी पाठमोरी उभी होते. पोस्टकार्डं बघत होते. वळले तर ते नव्हते.’ हे वाक्य तिनं पहिल्यांदा त्या बेटावरच्या पोलिसाला सांगितलं, मग वकिलातीतून फोन करणाऱ्या बाईला, मग ब्रिस्टलला लेकीला, आश्लेषाला, आणि मग देह विमानानं इकडे आणल्यावर कोरोनरच्या अधिकाऱ्याला, इथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. परदेशात असं अवचित मरण आलं आणि माणूस इंग्लंडात परत आणला, की त्याची चौकशी इथल्या कोरोनरच्या, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या, कोर्टात होते. त्या अधिकाऱ्यानं वाक्य टाइप करून आणलं, तिनं खाली सही केली. इतक्या वेळा सांगून ते नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. गेले काही आठवडे तर तिला ती पोस्टकार्डं आठवायलाही लागली होती: एकावर गाढव होतं, एकावर चर्चचा मनोरा. चौकशी पुढच्या गुरुवारी होती. आणि आता हा रॉय, पोट आत ओढून, त्या वाक्याच्या आड उभा राहून हसत होता.

त्यांचे बूट खडकावर सापडले होते. बेटाच्या पलीकडच्या अंगाला, जिथे कुणाच्यातरी बागेखालून दगडी पायऱ्या थेट समुद्रात उतरतात तिथे, शेजारी शेजारी, टाचा जुळवून, आत मोज्यांच्या गुंडाळ्या. देह संध्याकाळी एका कोळ्याला दिसला. ‘बुटांचं एवढं मोठं काय?’ असं आश्लेषानं विचारलं तेव्हा अधिकारी कपातल्या चहाकडे बघत म्हणाला होता, की माफ करा, पण पाण्याच्या काठाला असे नीट ठेवलेले बूट मिळाले की इथे एकाच गोष्टीचा विचार करतात. आश्लेषानं त्यावर कोरोनरला तीन पानी पत्र लिहिलं. माझे वडील वाईचे. घाटाच्या पायरीवर कुणी बूट घालून उतरत नाही. ते त्या नदीत पोहायला शिकले. त्यांनी जीव दिला नाही, ते फक्त पाण्यात उतरले. मुलीला वाई धड नकाशावर दाखवता आली नसती, पण तिनं ते लिहिलं, खाली सही केली, आणि मग फोनवर आईला म्हणाली, ‘आय जस्ट कान्ट हॅव दॅट वर्ड ऑन हिज पेपर, आई. आत्महत्या. नाही म्हणजे नाही.’

पायरीवर बसल्या बसल्या सुमनला वाटलं, फोटो फाडला की झालं. जाळायला चूल नाही, पण मागच्या अंगणात कचऱ्याचा हिरवा डबा आहे, सोमवारी गाडी येते. जीनकडे दुसरी प्रत असेलही, पण जीन काही कोर्टात येत नाही. तिनं फोटो दोन्ही हातांत धरला, अंगठे वर, आणि तेव्हाच तिचं लक्ष त्यांच्या चालीकडे गेलं. मागे बांधलेले हात. किंचित डावीकडे कललेलं डोकं. वॉर्डातून राऊंड घेताना असे चालायचे ते. मागे ज्युनियर डॉक्टरांची रांग आणि पुढे हे, जणू सारा दिवस त्यांच्या मालकीचा. आजार सुरू झाल्यापासून ते असे चाललेच नव्हते. आजारात त्यांचे पाय फरशी चाचपडत पडायचे आणि हात सतत काहीतरी शोधायचे, बहुतेक वेळा तिचा पदर, किंवा पदर नसला तर कार्डिगनची बाही. त्या बोळात शिरताना मात्र तेच चालले होते. हे एवढं एकच चित्र जगात होतं. तिनं फोटो मांडीवर ठेवला.

चार वर्षं चालला तो आजार. ते म्हाताऱ्यांचे डॉक्टर होते. साहेबलोकांना नको असलेली ती शाखा, म्हणून आपल्याकडच्यांना मिळायची, असं ते हसत सांगायचे. विस्मरणाचे रोगी त्यांनी हजारांनी तपासले. प्रश्न ठरलेले: आज साल कोणतं, राणीचं नाव काय, पहिलं महायुद्ध कधी लागलं, विसापासून उलटे आकडे मोजा. आणि मधेच एक पत्ता सांगायचा, बेचाळीस वेस्ट स्ट्रीट, तो शेवटी रोग्यानं आठवून दाखवायचा. एकदा दुपारी ते बाथरूममध्ये आरशासमोर उभे राहून स्वतःलाच हे प्रश्न विचारत होते. सुमन टॉवेल द्यायला गेली तर म्हणाले, ‘अगं, दहापैकी सहा.’ निकाल सांगावा तसे, रोग्याच्या बायकोला सांगावा तसे. त्यानंतर सगळं घरंगळत गेलं, साल गेलं, राणी गेली, नातेवाईक गेले, आणि कुणास ठाऊक कसा, तो पत्ता तेवढा राहिला. ‘चल, उशीर होतोय. बेचाळीस वेस्ट स्ट्रीटला जायचंय.’ कोट घालून दारात उभे. ‘अहो, तिथे कुणी राहत नाही.’ ‘असं कसं? एवढी माणसं मी तिथे पाठवलीत.’ यावर ती हसायची. पहिली दोन वर्षं ती बरंच हसत असे.

ते तिला सोडत नसत. भांडी घासताना मागे, कपडे वाळत घालताना मागे. टॉयलेटचं दार लावलं की बाहेरून बोटानं हलकं वाजवणं, ‘अगं, आहेस ना?’ ‘आहे हो.’ क्षणभर शांत. ‘आहेस ना?’ दिवसातून किती वेळा, ते देवालाच माहीत. ज्या माणसानं चाळीस वर्षांत ‘तू आहेस का’ असं एकदा विचारलं नव्हतं, घरात ती असायचीच, भिंती असतात तशी, त्यानं आता दर पाच मिनिटांनी तिच्या असण्याची पावती मागावी. कधी कधी ती मुद्दाम उत्तर द्यायची नाही. बंद दाराआड, सिंकवर हात टेकून, श्वास धरून उभी राहायची आणि बाहेर त्यांची घाबरी चाहूल ऐकायची. चार सेकंद. पाच. मग ‘आहे हो’.

जहाजाची कल्पना आश्लेषाची. बाबांनी ते ब्रोशर कधीपासून जपून ठेवलेलं, शिडांचं जहाज, चौदा माणसं, संथ, रोज एक बेट, रोज एक जुनं गाव. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणायचे. ‘जा ना आई, आत्ताच जा. नंतर त्यांना कळणार पण नाही.’ आणि खरंच पहिले पाच दिवस सोन्याचे गेले. जहाजाला कठडा असतो; माणूस हरवून हरवून किती हरवेल. ते डेकवर खुर्चीत बसत, शीड फुगलं की लहान मुलासारखे टाळी वाजवत. स्प्लिटला त्यांनी जीनला सांगितलं की या बादशहानं आपणहून राज्य सोडलं आणि इथे येऊन कोबी लावला, लोक परत बोलवायला आले तर म्हणाला, माझा कोबी बघा आधी. एक चूक नाही. जीन म्हणाली, ‘सुमन, युअर हजबंड इज अ मार्व्हल.’ सुमननं मान डोलावली. त्या दुपारी तिला खुर्चीत झोप लागली आणि जाग आली तेव्हा त्यांनी तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून आपली टोपी हातात धरून ठेवलेली होती. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी विचारलं, ‘बाई, आपण कुणाबरोबर आलात?’

आणि सहाव्या दिवशी ते बेट. माणसं पांगली, कुणी चर्चकडे, कुणी पोहायला. ती दोघं बाकावर. मग ते उठले. न सांगता बोळाकडे निघाले. सुमनच्या माहेरी कुणी निघालं तर ‘जातो’ म्हणत नसत, ‘येतो’ म्हणत. आणि निघालेलं माणूस दिसेनासं झालं की तिची आई सुपानं धान्य पाखडता पाखडता, कुणालाच उद्देशून नाही अशी, म्हणायची:

गेला असं म्हणू नये, गेला वळणाच्या आड,
वळणाच्या पलीकडं सावलीचं आहे झाड.

ते वळणाच्या आड गेले तेव्हा हे तिला आठवलं होतं का? नव्हतं. त्या वेळी तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. एक ‘अहो’ म्हटलं असतं तर ते थांबले असते. बोळ जेमतेम तीस पावलांवर होता. ‘अहो’ तिच्या घशापर्यंत आलंही नाही. ती बघत राहिली, एवढंच.

शनिवारी आश्लेषा आली, ब्रिस्टलहून गाडी हाकत, चार तास, हातात सेन्सबरीच्या दोन पिशव्या. विमानांच्या पंखांवर काम करणारी तिची छत्तीस वर्षांची लेक. दारातच बूट काढले, टाचा जुळवून ठेवले, आणि सुमननं नजर दुसरीकडे नेली. ‘फ्रिज काय एम्प्टी आहे गं आई! तू जेवते का नुसती चहावर जगते?’ ‘भात-पिठलं असतं.’ ‘रोज? डॉक्टरची बायको आणि स्कर्व्ही होणार तुला.’ मग सूप गरम झालं, टोस्ट झाला, गुरुवारी कुठे पार्क करायचं ते ठरलं, आणि आश्लेषा म्हणाली, ‘तू फोनवर म्हणाली तो जीननी पाठवलेला पाकीट कुठे आहे? मला बघायचाय.’

सुमननं दोन दिवस तो फोटो रव्याच्या डब्याखाली ठेवला होता. सकाळीच तिनं तो काढून परत गठ्ठ्यात घातला होता, बाविसावा, जिथल्या तिथे. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं गठ्ठा पुढे केला आणि सिंककडे जाऊन वाडगे विसळायला लागली. मागे हसू ऐकू आलं, ‘बाबांची हॅट बघ!’, मग नाक ओढल्याचा आवाज, मग एकावर एक फोटो पडत असल्याची चपचप. मग ती चपचप थांबली. सुमननं नळ बंद केला नाही.

‘आई.’

‘हं.’

‘ऊन आहे इथे. तुझ्या डोळ्यावर ऊन आहे, राइट? तू समोर बघते पण तुला ग्लेअर आहे. दिसत नसेल.’

‘दिसत होते.’

‘तू चष्मा—’

‘चष्मा घातलाय की. बघ ना.’

नळ वाहत होता. आश्लेषा उठली, तिनं हात लांब करून तो बंद केला, आईच्या अगदी जवळ उभी राहिली, आणि लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर बोलायची तशा दबक्या, भरभर आवाजात बोलायला लागली. ‘ऐक. तू हे कुणाला नाही सांगायचं. तू स्टेटमेंट साइन केली आहे. आणि तू जर म्हटलं की ते गेले आणि तू बघितलं आणि बोलवलं नाही, तर ते विचारतील का नाही बोलवलं, त्यांना जायचं होतं का, तुला माहीत होतं का, आणि मग शूज, आणि मग दॅट वर्ड. माझं पत्र सगळा वाया. आपण हा फोटो फाडू. आत्ता. मी फाडते.’

‘नको.’

‘व्हाय नॉट?’

‘त्यांची चाल बघ,’ सुमन म्हणाली. आश्लेषानं फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग तो टेबलावर पालथा ठेवला आणि वरच्या खोलीत निघून गेली. वर पलंग करकरला. रविवारी परत जाईपर्यंत दोघी फक्त पार्किंगबद्दल आणि बॉयलरबद्दल बोलल्या.

गुरुवारची ती खोली कोर्टासारखी नव्हतीच. कौन्सिलच्या मीटिंगची खोली असते तशी, निळ्या खुर्च्या, पाण्याचा जग, खिडकीबाहेर बसथांबा. कोरोनर पन्नाशीची बाई होती आणि तिला सर्दी झाली होती. अधिकाऱ्यानं उभं राहून निवेदन वाचलं. यॉर्कशरच्या जाड, सावकाश आवाजात सुमनचं वाक्य आलं, मी पाठमोरी उभी होते, आणि तिला ते कुणा परक्या बाईचं वाटलं, जिची तिला कीव आली. शेजारी बसलेल्या आश्लेषानं तिचं मनगट धरलं. नाडीवर धरलं, बापाचीच मुलगी.

‘मिसेस दांडेकर,’ कोरोनर म्हणाली, ‘हे बरोबर आहे ना? काही भर घालायचीय?’

मनगटावरची बोटं रुतली. सुमनला बोटांतली विनवणी कळली, आणि तरी ती उभी राहिली. इंग्रजीत बोलायचं म्हणून वाक्यं लहान झाली. मी पाठमोरी नव्हते. मी बसले होते. मी त्यांना जाताना बघितलं. मी हाक मारली नाही.

कोरोनरनं पेन खाली ठेवलं. त्यांना काही धोका आहे असं वाटलं होतं का? नाही, बरे दिसत होते, सुमन म्हणाली, फार बरे. जीव द्यायला निघाल्यासारखे? नाही, कामाला निघाल्यासारखे. किती वेळानं उठलात? चर्चच्या घंटेनं पाव तासाचे टोले दोनदा दिले तेव्हा. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत? हो. आणि बूट? सुमन म्हणाली, माझ्या मुलीनं लिहिलंय ते खरं आहे. पायऱ्या पाण्यात उतरत असतील तर आम्ही बूट काढतो. पाण्यात पाय घालायच्या आधी काढतो. मरायचं असतं तर त्यांनी काढले नसते, कशाला काढतील.

यापुढे काहीतरी येणार म्हणून ती उभीच राहिली. कोरोनरनं नाक पुसलं. ती म्हणाली, की हे सांगायला धीर लागला असणार. की डॉक्टर दांडेकर सक्षम दिसत होते आणि त्यांच्यावर अशी अखंड नजर ठेवणं कुणाही एका माणसाला शक्य नाही. की तुम्ही जे सांगितलंत त्यानं माझा निकाल बदलत नाही. अपघाती मृत्यू. मग तिनं शोक व्यक्त केला, नियमाप्रमाणे आणि मनापासूनही. अधिकाऱ्यानं सुमनला कागदी पेल्यात पाणी दिलं. लोक उठले. दुसऱ्या कुणाची तरी चौकशी अकराला होती, ती माणसं दारात थांबलेली होती, काळ्या कपड्यांत, त्यांना आत यायला वाट हवी होती. सुमन अजून उभी होती. सहा महिने तिनं ज्याची धास्ती घेतली, आणि आत कुठेतरी ज्याची वाटही पाहिली, ते असं दोन मिनिटांत, सर्दीच्या आवाजात, माफ होऊन गेलं होतं. आता ते घेऊन कुठे जायचं?

कारपार्कात पाऊस नव्हता पण सगळं ओलं होतं. आश्लेषानं गाडीत बसून किल्ली लावली आणि फिरवलीच नाही. तो शब्द कागदावर आला नव्हता. तिला हवं ते मिळालं होतं. समोरच्या काचेवर कुणाच्यातरी पार्किंगचं तिकीट चिकटलं होतं, ते वायपरखाली भिजत होतं. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या.

‘मला एकच सांग,’ आश्लेषा म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ‘ते गेले. तू तिथे बसली. अर्धा तास. तू काय करत होती?’

कोरोनरनं हे विचारलं नव्हतं. सुमननं स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्या अर्ध्या तासावर तिनं पोस्टकार्डं पसरून ठेवली होती.

‘बाकाच्या बाजूला एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती,’ ती म्हणाली. ‘अंजिरं होती. मी चार घेतली.’

‘फिग्ज?’

‘हं. ताजी. दोन त्यांच्यासाठी ठेवायची होती.’

‘ठेवली?’

‘नाही. एक खाल्लं, मग दुसरं. कुणी हाक मारत नव्हतं. आहेस का, आहेस का, काही नाही. नुसतं ऊन. मग त्यांची दोन पण खाल्ली.’

आश्लेषा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती. मग तिनं विचारलं, ‘कशी होती?’

सुमनला उत्तर माहीत होतं. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं, मग परत लेकीकडे आणलं.

‘गोड,’ ती म्हणाली. ‘फार गोड होती गं.’